कुटुंब क्रमांक सात

सन्मान जाहीर झाल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि माझं मौन चालू होतं. उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे आणि घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. वन्सं अंघोळीला गेल्या होत्या, हे दुकान उघडायला गेले होते. फोन वाजतच राहिला म्हणून मी उचलून कानाला लावला. पलीकडचे गृहस्थ फार अदबीने बोलत होते. प्राध्यापक बाई आहेत का, आपण कोण बोलताय, ऐकू येतंय ना. मी रिसीव्हरवर बोटाने दोनदा टकटक केलं. लाइन खराब दिसते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अर्थशास्त्रातला एवढा मोठा सन्मान, पण आमच्या घरी त्याची पहिली वर्दी आली ती अशी.

नऊ वाजून गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, कुणाचा तरी फोन होता. अगदी आर्जवाने बोलत होते."

"मग विमावाले असतील," त्या म्हणाल्या.

पुन्हा फोन आला तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. हो, बरं, आभारी आहे, एवढंच बोलल्या. मग फोन ठेवून केस पुसत राहिल्या. केस केव्हाच कोरडे झाले होते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. माझ्याहून वर्षभराने लहान, आता एकसष्ट. नणंदेचा मान म्हणून मी त्यांना अहोजाहो करते, त्या मला अगंतुगं करतात. लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्या त्यांच्या, जेवण खाली आमच्यात. हे त्यांना मोजणीबाई म्हणतात, तेही लहानपणापासून. सहा वर्षांच्या असताना त्या एकदा जेवता जेवता आईला म्हणाल्या होत्या, "आई, तू अकरा वेळा उठलीस."

सासूबाई म्हणाल्या, "थांब, आता बाराव्यांदा उठते. तुला पाणी हवंय ना?"

ही गोष्ट हे इतक्यांदा सांगतात की पाहुण्यांनाही पाठ आहे. पण वन्संचं पुढचं सगळं त्यातूनच निघालं असं मला वाटतं. शिष्यवृत्तीवर शिकल्या, गणितातून अर्थशास्त्रात गेल्या, आणि विद्यापीठात आठ वर्षं हंगामी शिकवत राहिल्या. त्यांना मिळालेली खोली जिन्याखालची होती. छत इतकं उतरतं की सरळ उभं राहिलं की डोकं आपटायचं. कपाळाला टेंगूळ दिसलं की आम्ही समजायचो, आज कुणीतरी मोठा माणूस खोलीत आला आणि वन्सं मानाने उभ्या राहिल्या.

त्यांच्या विषयातली मोठी माणसं तेव्हा म्हणायची, घरकामाची मोजदाद कशाला? ते काही बाजारात येत नाही. वन्संनी वाद घातला नाही. चारशे बारा घरांतल्या बायकांना एकेक वही दिली. रोजचं एक पान, पानावर तासातासाचे रकाने, तीन महिने. ज्या घरी घड्याळ नव्हतं तिथे यांनी दुकानातली जुनी गजराची घड्याळं दुरुस्त करून पाठवली. एकूण ऐंशी गेली. "माझं अख्खं दुकान हिच्या प्रबंधात खपलं," असं हे अजून म्हणतात.

एक वही माझ्याकडे आली. मी म्हटलं, घरचीच आहे तर पहिला क्रमांक मला द्या. वन्सं म्हणाल्या, "नको, लोक वशिला म्हणतील." म्हणून शेजारपाजारच्या सहा घरांनंतर आमचा नंबर लागला. कुटुंब क्रमांक सात.

वहीच्या पहिल्या पानावर चार सूचना छापल्या होत्या. त्यातल्या दोन इथे सांगायला हव्यात. दुसरी अशी, की ज्या दिवसाचं काम त्याच दिवशी लिहावं. दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नये, कारण आठवणीत चुका होतात. आणि चौथी अशी, की ज्या वेळी काही काम केलं नसेल तो रकाना रिकामा सोडावा.

वह्या परत आल्या तेव्हा बऱ्याच वह्यांत मधूनच पानंच्या पानं कोरी होती. हिशेब केला तर नऊ दिवसांत एक. आकडेमोड करायला वन्संचे एक सहकारी होते, त्यांना सगळे दशांश म्हणतात. चहात साखर किती, तर दीड चमचा असं न म्हणता एक पूर्णांक चार म्हणणारा माणूस. त्यांनी विचारलं, "या कोऱ्या पानांचं काय करायचं?" वन्संनी चौथी सूचना दाखवली. रिकामं म्हणजे काम नाही. दशांशांनी सगळीकडे शून्य घातलं.

त्यातून लेख झाला. त्याचा पहिला भाग असा, की बाई घरात लोक समजतात त्याहून कितीतरी जास्त राबते. दुसरा भाग असा, की कुणाला न सांगता, कुणाला न विचारता ती नवव्या दिवशी स्वतःसाठी एक दिवस राखून ठेवते. पहिल्या भागाने लोक अस्वस्थ झाले. दुसऱ्याने त्यांना बरं वाटलं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. रिकामा दिवस. हा शब्द वन्संचा. तो क्रमिक पुस्तकांत गेला, परीक्षेला येऊ लागला. वन्सं कायम झाल्या, विभागप्रमुख झाल्या, उभं राहता येईल अशी खोली मिळाली, समित्यांवर गेल्या. नगरपालिकेने आपली पाळणाघरं बुधवारी बंद ठेवायला सुरुवात केली तेव्हा ठरावात या लेखाचा दाखला होता. बायकांना नाहीतरी मोकळा दिवस असतोच, मग एक दिवस बंद राहिल्याने कुणाचं अडणार?

मी तो लेख वाचला नव्हता. तो आपल्या भाषेत नाही, आणि आकड्यांची मला धास्तीच आहे. रिकामा दिवस, रिकामा दिवस, असं घरात कानावर पडायचं. मनात यायचं, मला तर कधी मिळाला नाही, पण बाकीच्यांचं नशीब असेल बरं.

सन्मान स्वीकारताना व्याख्यान द्यावं लागतं. त्याला आठ दिवस राहिले असतील. सकाळी वन्सं खालीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. मी भाजी निवडत होते.

"वहिनी, बघ," त्या म्हणाल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला. "तुझी वही जगासमोर झळकणार."

पडद्यावर माझ्या वहीतलं एक पान होतं. वर माझ्या अक्षरात तारीख, सोळा, आणि खाली सगळे रकाने कोरे. चित्राखाली एक ओळ टाइप केलेली होती: गृहिणीने स्वतःसाठी राखलेला दिवस.

भिंतीवरच्या घड्याळात आठ बत्तीस झाले होते. मला बोलता येत नव्हतं.

वन्सं पुढच्या चित्रावर गेल्या. मी भाजी निवडत राहिले. सोळा तारीख मला आठवत होती, कारण पान बघितल्यावर तो दिवस उभाच राहिला. मामंजी पहाटे न्हाणीघरात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हे घड्याळांचे सुटे भाग आणायला परगावी गेलेले. थोरल्याला गोवर निघालेला, धाकटी अंगावरची. शेजाऱ्यांच्या मदतीने मामंजींना दवाखान्यात नेलं. तिथून घरी आले, घरून डबा घेऊन परत तिथे गेले, मधे दुकानात गिऱ्हाईक ताटकळलंय म्हणून निरोप आला तर तिकडेही जाऊन आले. दुसऱ्या दिवशी वही हातात घेतली तेव्हा सोळाचं पान कोरं होतं. आठवून लिहू नये असं छापलं होतं. मी नियमाला धरून असते. कोरं ठेवलं आणि सतरा तारखेचं लिहायला घेतलं.

मौन मोडता येत नाही असं नाही. कुणी पडलं, कुठे पेटलं, तर मी बोलते. पण इथे कुणी पडलेलं नव्हतं. वन्सं खुशीत होत्या, पायातली चप्पल पायाच्या अंगठ्यावर झुलवत होत्या. तो अर्धा तास मला फार लांब गेला. नऊनंतर नाहीच बोलले तर? आठ दिवसांचा तर प्रश्न. आयुष्यभर राबून बाईंनी मिळवलंय, आणि माझं एक पान चुकलं तर चारशे अकरा अजून आहेत. मग मनात आलं, त्या चारशे अकरांनीही तीच सूचना वाचली होती. मी देवाचं नाव घेत बसले. भाजी निवडून झाली होती, ती पुन्हा निवडली.

घड्याळजीचं घर असल्यामुळे आमच्याकडे चार घड्याळं आहेत आणि चारही वेगवेगळ्या वेळी वाजतात. मी शेवटच्याचे टोले संपेपर्यंत थांबले.

"वन्सं, ती सोळा तारीख रिकामी नव्हती."

"कुठली सोळा?"

"ते पान. मामंजी पडले तो दिवस आहे तो."

त्यांनी मागे जाऊन पान परत काढलं. "बाबा पडले तेव्हा मी नव्हते. चर्चासत्राला गेले होते."

"हो ना. तुम्ही चार दिवसांनी आलात."

"मग लिहिलं का नाहीस?"

"केव्हा लिहिणार?"

"दुसऱ्या दिवशी लिहायचं."

"दुसऱ्या दिवशी लिहायचं नाही असं तुम्हीच छापलं होतंत. सूचना क्रमांक दोन."

वन्संनी वहीचं पहिलं पान पडद्यावर आणलं. दुसरी सूचना वाचली, चौथी वाचली, परत दुसरी वाचली. त्यांचा पाय हलायचा थांबला.

"इतकी वर्षं काही बोलली नाहीस?"

"माझ्या कोऱ्या पानाचं तुम्ही काय केलंत ते मला कुठे माहीत होतं?"

विद्यापीठाने खोली बदलली तेव्हा वह्यांची खोकी आमच्या माळ्यावर आली होती. दुपारी यांनी ती उतरवली. धूळ इतकी की हे म्हणाले, "मोजणीबाई, ही झटकायचं काम कुठल्या रकान्यात?" वन्सं हसल्या नाहीत.

आम्ही दोघी चार दिवस बसलो. कोरं पान सापडलं की वन्सं आदलं आणि पुढचं पान बघायच्या, मी तारीख सांगायची. पहिल्या तासाभरातच आमच्या लक्षात एक शब्द आला. कोऱ्या पानाच्या पुढच्या पानावर बायकांनी लिहिलं होतं: कालचे कपडे. कालची भांडी. कालचं राहिलेलं दळण. आणि आदल्या पानावर कुठे मुलाला ताप, कुठे पाहुणे येणार, कुठे सासूबाईंना बरं नाही. साठ वह्या झाल्या. सहाशे तेरा कोरी पानं निघाली, त्यातल्या चारशे सत्तर पानांच्या पुढे 'कालचं' होतं. काही खरोखरच रिकामी होती. एकीने आदल्या दिवशी ठळक अक्षरात लिहिलं होतं, उद्या माहेरी. वन्सं ते पान बराच वेळ हातात धरून बसल्या.

दोन गल्ल्या पलीकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्या कुटुंब क्रमांक दोनशे चार. वन्संनी त्यांना फोन केला आणि सगळं नीट समजावून विचारलं, की आठवड्या-दीड आठवड्याने तुम्ही एखादा दिवस मोकळा ठेवायचात का?

फोनमधला आवाज मला इकडे ऐकू आला. "रिकामा दिवस? अगं बाई, शिल्लक असेल तर एक मला पाठवून द्या की!"

संध्याकाळी दशांश आले. वन्संनी वह्या दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून खाली करून सगळं पाहिलं.

"एक तळटीप टाक," ते म्हणाले. "काही नोंदींबाबत संदिग्धता आहे, वगैरे. सन्मान पहिल्या भागालाही आहेच ना? बाई किती राबते, ते तर खरं आहे."

"तेही चुकलं. शून्य धरल्यामुळे सरासरी खाली आली. रोजचं काम दीड तासाने कमी दाखवलं आपण."

"एक पूर्णांक छपन्न," दशांश म्हणाले, आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी कप बशीत ठेवला. "माझंही नाव आहे लेखावर."

"शून्य घालायला मी सांगितलं."

"पण मी विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस."

"सन्मान काढून घेतील."

वन्संनी वह्या परत खोक्यात भरायला घेतल्या. दशांश गेले तेव्हा त्यांची छत्री आमच्याकडेच राहिली. ती घ्यायला ते अजून आलेले नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मी वन्संच्या बॅगेत इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले तर बॅगेत दोन भाषणं होती. एक जुनं, तळटीप घातलेलं. एक नवं. वन्सं खिडकीपाशी उभ्या होत्या.

"वहिनी, तू म्हणालीस तर मी तळटीपच टाकते," त्या म्हणाल्या. "बाकीचं सावकाश छापीन. वर्षभरात. कुणी विचारणार नाही."

मी तसं म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट्याने खातात.

"मी कशाला सांगू?" मी म्हटलं. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. फक्त माझं पान त्यातून काढा. त्याखाली लिहिलंय ते खरं नाही, आणि वर अक्षर माझं आहे."

"ते पान काढून दुसरं कुणाचं घालू?"

मी कपड्यांच्या घड्या करत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी एक भाषण बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं. कुठलं, ते मी बघितलं नाही.

सभागृह मोठं होतं. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. यांनी लग्नातला कोट घातला होता आणि श्वास धरून बसले होते, कारण बटण तुटायच्या बेतात होतं. वन्सं बोलायला उभ्या राहिल्या. जिन्याखालच्या खोलीची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग पडद्यावर माझं पान आलं.

"हे कुटुंब क्रमांक सात," त्या म्हणाल्या. "या पानावर काम नाही, असं मी एकतीस वर्षांपूर्वी लिहिलं. आता पुढचं पान वाचते." आणि त्यांनी सतरा तारखेचं पान वाचलं, जसंच्या तसं. कालचे कपडे. कालची भांडी. मामंजींचा डबा दोनदा. थोरल्याचं अंग पुसणं. दुकानात जाऊन गिऱ्हाइकाला घड्याळ देणं. "या बाईंना लिहायलाही वेळ नव्हता. त्यांनी माझी दुसरी सूचना पाळली. मी त्याचा अर्थ चौथ्या सूचनेप्रमाणे लावला. चारशे बारा घरांत तसंच केलं. ज्या दिवशी बाई सगळ्यात जास्त राबली, तो दिवस मी सुट्टी म्हणून मोजला. रिकामा दिवस नाही. काही थोड्या घरांत असेल, त्याचा नियम करण्याइतका नाही. नगरपालिकेची पाळणाघरं बुधवारी बंद असतात, ती या चुकीमुळे. चूक आकडेमोडीची नाही, माझी आहे."

मग त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. वन्संना भाषणाची अजून आठ पानं वाचायची होती, पण यांना वाटलं संपलं. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बटण तुटून पुढच्या रांगेत गेलं. एकट्याच्याच टाळ्या वाजताहेत हे कळल्यावर ते थांबले, आणि वन्सं पुढचं वाचू लागल्या. शेवटी सगळ्यांनी वाजवल्या. कितपत मनापासून, ते मी सांगू शकत नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. समितीच्या दोन बैठका झाल्या. सन्मान काढून घेतला नाही, पण मानपत्र बदलून आलं आणि त्यातून रिकाम्या दिवसाचं वाक्य गेलं. वन्संनी जुनं उतरवून तेच नवं फ्रेममध्ये लावलं. ज्या मासिकाने लेख छापला होता त्याने दुरुस्ती छापली, मागच्या पानावर, बारीक टाइपात. चार-दोन जुने सहकारी ओळख देईनासे झाले. पाळणाघरांसाठी वन्सं तीनदा नगरपालिकेत जाऊन आल्या. विषय विचाराधीन आहे, असं उत्तर आलंय. बुधवारी ती अजून बंदच असतात.

निवृत्तीनंतर आराम करायचा म्हणत होत्या, ते राहिलं. पाहणी पुन्हा करायची ठरवली आहे. या वेळी वही बायकांच्या हातात द्यायची नाही. विचारणारीने रोज दारात जायचं आणि लिहून घ्यायचं. आधी घरीच करून बघू म्हणून गेले पंधरा दिवस त्या जेवताना वही घेऊन माझ्यासमोर बसतात. क्रमांक या वेळीही सातच दिलाय.

काल जेवता जेवता त्यांनी विचारलं, "वहिनी, आत्तापर्यंत किती वेळा उठलीस?"

"मी नाही मोजलं."

"मी मोजलं. सहा."

हे म्हणाले, "मोजणीबाई, मोजण्यापेक्षा एकदा तूच ऊठ की!"

वन्संनी पेन्सिल खाली ठेवली आणि उठल्या. भाजीत मीठ कमी होतं, ते आणायला गेल्या. बराच वेळ फळीवरचे डबे वाजत राहिले. जन्म या घरात गेला, पण मीठ कुठल्या बरणीत असतं ते त्यांना माहीत नव्हतं. शेवटी मला जाऊन काढून द्यावं लागलं.

परत येऊन बसल्या आणि त्यांनी सहा खोडून सात केलं.